आधी जेवून घ्या

आमच्या गावात नाथाजी सुभेदारांनी कुणाला जेवायचा आग्रह केला, की त्या माणसाच्या पोटात गोळा यायचा. हे मी थट्टेनं लिहीत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते एखाद्या पाव्हण्याला "आवं, आधी जेवून घ्या" म्हणाले, की पाव्हणा पानावरून अर्धा उठून विचारायचा, "सुभेदार, घरी समदं ठीक हाय नव्हं?" मग पंगतीत हशा व्हायचा. सुभेदारही मिशीतल्या मिशीत हसायचे. पण विचारणाऱ्याचा जीव घटकाभर खरोखरच टांगणीला लागलेला असायचा.

गाव कराडपासून सहा मैलांवर, कृष्णेच्या काठी. मी तिथं अठरा वर्षं शाळामास्तर होतो आणि पोस्टाची शाखाही माझ्याच खोलीत होती. आता सांगलीला विश्रामबागेत राहतो, वेळ भरपूर आहे, म्हणून हे लिहायला बसलो. लिहायचं लांबवत आलो होतो, हे कबूल करतो.

सुभेदार अठ्ठावीस वर्षं मराठा पलटणीत काढून गावी आले. पलटणीत जवानाच्या घरची वाईट तार आली, की ती सांगायचं काम साहेब लोक त्यांच्यावर टाकायचे. त्यांनी त्याची एक पद्धत बसवली होती. तार आल्याचं कळू द्यायचं नाही. जवानाला लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, न्यायचं, समोर बसवायचं, पोटभर वाढायचं, पिकापाण्याचं बोलायचं, आणि त्यानं हात धुतला की मग सांगायचं. "उपाशी माणसाला असली गोष्ट सांगू ने, मास्तर," ते म्हणायचे. "एकदा कळलं की दोन-दोन दिस घास उतरत न्हाई. पुढं गाडीचा परवास, घरी जावं तर चूल बंद. पोटात काय तरी असलं म्हंजी माणूस उभा ऱ्हातो."

पेन्शनीत आल्यावर हे काम गावानं त्यांच्या गळ्यात घातलं. हिंदुरावाचा धाकटा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला, तेव्हा तार घेऊन मी आधी सुभेदारांकडेच गेलो. त्यांनी बायकोकडून चार भाकरी आणि पिठलं बांधून घेतलं आणि आम्ही दोघं उसाच्या रानात गेलो. बांधावर भाकरी सोडून ते म्हणाले, "ये रं हिंदुराव, आधी दोन घास खाऊन घे." हिंदुरावानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तोंडात घास आणि डोळ्यांतून धार, असा तो माणूस खात राहिला, आणि सुभेदार शेवटचा तुकडा संपेपर्यंत उसाच्या बेण्याबद्दल बोलत राहिले. मला तो माणूस तेव्हा निर्दय वाटला. पुढे हिंदुरावच मला म्हणाला की, त्या भाकरीवर त्यानं दोन दिवस काढले.

तारा लिहिण्याचीही त्यांचीच पद्धत. गावात कुणी गेलं आणि मुलगा लांब असला, की लोक मजकूर लिहायला माझ्याकडे यायचे. पहिल्यांदा मी सरळ 'फादर एक्स्पायर्ड' असं लिहिलं. सुभेदारांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला. "असं लिवू नका. तिकडं पोरगं एकटं असतं. गाडीत चढाय त्याचं पाय चालाय पायजेत. सीरियस लिवा." तेव्हापासून आमच्या गावात कुणी मेलं नाही, सगळे सीरियस झाले. अशा पंचवीस-तीस तारा मी माझ्या हातानं लिहिल्या. गंमत अशी की त्या शब्दानं कुणी फसतही नव्हतं. तार हातात पडली की पोरगं समजून जायचं की संपलं. फक्त ते कुणी तोंडानं म्हटलेलं नसायचं.

सुभेदारांच्या बायकोचं नाव बनुबाई. बोलायला तिखट, हसायला मोकळी. अठ्ठावीस वर्षांतली निम्मी वर्षं नवरा पत्रातच पाहिलेली बाई, त्यामुळे तो पेन्शनीत आल्यावर त्याला क्षणभर स्वस्थ बसू द्यायची नाही. "आवं, कुटं गेला हुता? काय बघितलंत? कोण भेटलं?" सुभेदार कराडच्या बाजाराला जाऊन आले तरी तिला सगळं सांगावं लागायचं, कुणाच्या दुकानाला नवा रंग दिला इथपर्यंत. ती स्वतः मसूरच्या पलीकडे गेली नव्हती. पण सुभेदारांनी पाहिलेलं काश्मीर आणि इटली तिला तोंडपाठ होतं.

त्यांचा एकुलता मुलगा जोतीराम कराडच्या कॉलेजात इंजिनियर झाला आणि विलायतेला ब्रॅडफर्डच्या एका कारखान्यात लागला. तिथं त्याला मुलगी झाली. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं आईबापांना बोलावलं, पण बनुबाईच्या पायांवर सूज होती, चार पावलं चाललं की धाप लागायची. कराडच्या डॉक्टरांनी छाती तपासून प्रवासाला साफ नकार दिला. सुभेदारही मागे राहतो म्हणायला लागले, तेव्हा बनुबाईनंच त्यांना घालवलं. "तुमी जाऊन या. नातीला बघा. तिथलं समदं डोळं भरून बघा आन् मला येऊन सांगा. म्या हितं बसून बघीन." जूनच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. बनुबाईजवळ त्यांची चुलत जाऊ रंगूबाई राहायला आली.

जुलैच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, पहाटे बनुबाईची धाप एकाएकी वाढली. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून एका ओळखीच्या जीपनं आम्ही तिला कराडला नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दोन तास थांबवून घेतलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "चार दिवस जातील, पाच जातील. मालकांना बोलवायचं असेल तर आजच बोलवा." ती शुद्धीत होती. मला म्हणाली, "मास्तर, ह्यास्नी कळवा. म्हणावं लौकर या, लय काय काय ऐकायचं हाय."

मी तार ऑफिसात गेलो. कागद पुढ्यात घेतला आणि सवयीनं लिहिलं : 'मदर सीरियस. सेंड फादर ॲट वन्स.' लिहून झाल्यावर माझा हात थबकला. हे मी खोटं सांगत आलेलं वाक्य होतं आणि आज ते खरं होतं. खरं आहे हे कळणार कसं? पुढे एक शब्द घालावा असं मनात आलं, की आई जिवंत आहे. पण तारेत 'जिवंत' कुणी लिहितं का? ती तिकडे दवाखान्यात पडलेली आणि मी इथं तिच्या नावापुढे 'अलाइव्ह' लिहायचं, हे मला इतकं अभद्र वाटलं की मी तसाच कागद आत सरकवला. शिकलेला माणूस मी, एका शब्दाला भ्यालो. त्याचा राग मला अजून येतो.

दवाखान्यात ठेवायला बनुबाई तयार नव्हती, म्हणून संध्याकाळी तिला परत घरी आणलं. शनिवारी तिला बरंच हलकं वाटत होतं. उशांना टेकून ती बसली, वाटीभर पेज प्याली आणि मला विचारलं, विमानाला किती तास लागतात. मी म्हटलं, आज संध्याकाळी बसले तर उद्या मुंबई, परवा उजाडता दारात. तिनं बोटावर मोजलं आणि रंगूबाईला सोप्यातला पलंग झाडून ठेवायला सांगितलं.

रविवारी दुपारी कराडहून पोस्टाचा माणूस सायकलवर आला. जोतीरामची तार होती. 'स्टार्टिंग मंडे विथ फादर. डू नॉट वेट.'

मी ती उभ्या उभ्या तीनदा वाचली. सोमवारी कशाला? आणि 'वाट पाहू नका' म्हणजे कशाची वाट? मग ध्यानात आलं. मयताला मुलाची वाट पाहत ठेवू नका, उरकून घ्या, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानं माझी तार बरोबर वाचली होती. आमच्या गावचा कुणीही मुलगा तशीच वाचेल, तशी. आतून बनुबाईनं विचारलं, "काय लिवलंय, मास्तर?" मी म्हटलं, "निघालेत." आता पुन्हा तार करून काय होणार होतं? रविवार निम्मा सरला होता, सोमवारचं विमान सोमवारीच उडणार होतं. मी दारात बसून राहिलो आणि आतमध्ये ती रंगूबाईला सांगत होती की, ह्यास्नी आल्या आल्या चहा लागतो, दूध राखून ठेव.

तिकडे शनिवारी काय झालं ते मला सुभेदारांनी नंतर सांगितलं. एका बैठकीत नाही. कधी पारावर, कधी नदीवर, दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्यानं. मी ते इथं सलग लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी जोतीराम कामावरून आला तेव्हा तार दारात पडलेली होती. त्यानं ती बायकोला, शालनला, दाखवली आणि खिशात घातली. विमानाच्या तिकिटांची चौकशी केली, तेव्हा शनिवारच्या रात्रीच्या दोन जागा मिळत होत्या आणि सोमवारच्याही. त्यानं विचार केला. आई तर गेली. पोचेपर्यंत सगळं उरकलेलंच असणार. मग बापाला धावतपळत, रडवत, उपाशी का न्यायचं? एक दिवस त्याला निवांत हिंडवावं, पोटभर खाऊ घालावं आणि संध्याकाळी शांतपणे सांगावं. बापाकडूनच तो हे शिकला होता. त्यानं सोमवारची तिकिटं घेतली.

सकाळी तो सुभेदारांना म्हणाला, "आबा, आज यॉर्क बघाय जाऊ. लय जुनं शहर हाय, तटबंदी हाय, तुमाला आवडंल."

"आज कारखाना न्हाई व्हय रं?" दर शनिवारी तो जादा कामाला जायचा.

"सुट्टी टाकलीया."

सुनेनं न्याहारीला शिरा केला होता, आणि त्यावर तूप इतकं की ताटलीत ओघळ आला होता. सुभेदार म्हणाले, आज काय सण हाय काय? ती मान वर न करता आत गेली. नातीला बरोबर घ्यावं म्हटलं तर ऊन फार आहे म्हणाली. ऊन होतं ते खरं. त्या वर्षी विलायतेत पाऊसच नव्हता; वाटेत दोन्ही बाजूंची गवतं माणदेशातल्यासारखी पिवळी पडलेली. शिरा त्यांनी दोन चमचे खाल्ला आणि ठेवला, तेव्हा काही कळलं होतं म्हणून नाही, त्यांना सकाळी गोड जात नसे.

यॉर्कला पोचले तेव्हा दहा वाजले होते. पांढऱ्या दगडाचा तट, वरून चालायला फरसबंद वाट. सुभेदार फौजी माणूस, हाताच्या वितीनं चिरे मोजायला लागले. बुरूज कुठं, मारा कुठून, दरवाजा कसा आडोशाला घेतलाय. बनुबाईला सांगायचं म्हणून ते प्रत्येक गोष्ट मनात बसवत होते. एका मोठ्या वेशीखाली जोतीरामनं सांगितलं की राजाशी बेइमानी करणाऱ्यांची मुंडकी इथं वर भाल्याला लावत असत.

"कशापायी?"

"येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून."

"म्हंजी हितं बातमी येशीलाच टांगत हुते," सुभेदार म्हणाले. जोतीराम हसला नाही. त्यांनी पोराकडे पाहिलं. तो तटाकडे पाहत नव्हता, बापाच्या पायांकडे पाहत होता, जसं आजारी माणसाला जिना उतरवताना पाहतात तसं.

"आबा, भूक लागली आसंल. काय तरी खाऊ या?"

"आत्ता तर न्याहारी झाली."

तट उतरून ते एका अरुंद गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंची लाकडी घरं वरच्या मजल्याला एकमेकांकडे झुकलेली, आभाळाची नुसती पट्टी दिसत होती. पूर्वी तिथं खाटकांची दुकानं होती, मांस टांगायचे आकडे अजून भिंतींना होते. जत्रेसारखी माणसं. कुणी आइस्क्रीम खातंय, कुणी फोटो काढतंय. जोतीराम एका चहाच्या दुकानापाशी थांबला. "आबा, केक घ्या की." मग तळलेल्या मासळीच्या दुकानापाशी थांबला. मग एका बेकरीपाशी. सुभेदार प्रत्येक वेळी नको म्हणत होते आणि प्रत्येक नकाराबरोबर पोराचा चेहरा उतरत होता. एवढा वाढलेला गडी, कारखान्यात पन्नास माणसांवर हुकूम चालवणारा, बाप बन खात नाही म्हणून रडकुंडीला यावा?

दुपारी नदीकाठी एका बाकावर बसले. नदी आटून काठाचा चिखल उघडा पडला होता. जोतीरामनं पिशवीतून शालननं दिलेला डबा काढला, चपात्या आणि बटाट्याची भाजी. झाकण काढून तो म्हणाला, "आबा, आधी खाऊन घ्या."

आधी.

सुभेदार मला म्हणाले, "मास्तर, म्या त्यो शबुद आयुष्यभर दुसऱ्याला दिला. मला कुणी दिला नव्हता." त्यांनी पोराच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. सुट्टी, तुपाचा शिरा, सुनेचे डोळे, सगळं एका जागी आलं. आणि कुणाची बातमी असणार, हे त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांच्यामागे गावात एकच माणूस होतं.

त्यांनी डब्याचं झाकण पोराच्या हातातून घेतलं आणि नीट बसवलं. "मला भूक न्हाई. त्ये मोठं देऊळ बघू चल."

तिथून पुढे तो दिवस पोराचा राहिला नाही, बापाचा झाला. सुभेदारांना एवढंच कळत होतं की आपण जेवलो नाही तोवर हा सांगणार नाही, आणि सांगितलं नाही तोवर बनुबाई आहे. बासष्ट वर्षांचा माणूस, पोटात सकाळचे दोन चमचे शिरा, आणि ते पुढे आणि पोरगं मागे. मोठ्या चर्चमध्ये गेले. उंच रंगीत काचांतून लाल-निळं ऊन फरशीवर पडलं होतं. एका कोपऱ्यात लोक मेणबत्त्या लावत होते. "कशाच्या ह्या?" त्यांनी विचारलं. गेलेल्या माणसांसाठी, असं जोतीरामनं सांगितलं. सुभेदार तिथून भरभर बाहेर पडले आणि मनोऱ्याच्या जिन्याला लागले. पावणेतीनशे पायऱ्या, गोल, काळोख्या, माणूस आडवा आला तर वाट सुटत नाही अशा. बनुबाईला सांगायला ते पायऱ्या मोजत होते. दीडशेच्या पुढे कधीतरी मोजणं सुटलं. कुणासाठी मोजतोय, असं मनात आलं म्हणून सुटलं, असं त्यांनी मला सांगितलं.

वरून सगळं शहर दिसलं. लाल कौलं, तटाचं कडं, नदी. सुभेदारांना भोवळ आली. जोतीरामनं दंड धरला. "आबा, तुमच्या पोटात काय न्हाई. ऐका माझं."

"अजून काय बघायचं ऱ्हायलंय?"

"काय न्हाई आता."

"त्यो टेकडीवर गोल बुरूज दिसतोय, त्यो?"

ते बुरुजावर गेले. तिथून पुन्हा तटावर, उरलेली बाजू चालून काढली. म्युझियम बंद झालं, दुकानं बंद झाली, फरशीवर उन्हात पडलेली माणसं उठून घरी गेली. विलायतेतला उन्हाळ्याचा दिवस मावळता मावळत नाही. रात्रीचे नऊ वाजत आले तरी सूर्य तटावर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुभेदारांनी सूर्याचे उपकार मानले. पायांना फोड आले होते. पोरगं मागून डबा घेऊन येत होतं. वळून पाहिलं तर जोतीराम एका दगडाला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड लहानपणी ताप आल्यावर व्हायचं तसं झालं होतं. दिवसभर त्यानंही पोटात काही घातलं नव्हतं.

तेव्हा सुभेदार त्याच बाकावर येऊन बसले. "सोड त्यो डबा," म्हणाले. "आन् तूबी घे."

दोघांनी सगळ्या चपात्या खाल्ल्या. सुभेदारांनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला, मिशी पुसली. "हं. सांग आता."

जोतीरामनं खिशातून तार काढून पुढे केली. सुभेदारांनी ती त्यालाच वाचायला लावली. मदर सीरियस. सेंड फादर ॲट वन्स.

"कवा आली?"

"काल सांजच्याला."

"म्हंजी गुरवारी गेली. धाडली कुणी?"

"मास्तरांनी."

"मास्तरांनी व्हय." ते एवढंच म्हणाले. माझ्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला. माझी तार कशी वाचायची हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"आबा, आज रातच्या इमानाच्या जागा हुत्या. म्या सोमवारच्या घेतल्या. चुकलं का माझं?"

"न्हाई रं. आता कसली घाई."

इथं बनुबाईनं सोमवारची सकाळ पाहिली. पलंग झाडलेला, दूध राखून ठेवलेलं. ते यायला हवे होते ती वेळ टळली, तशी तिनं दाराकडे बघायचं सोडून दिलं. दुपारी एकच्या सुमारास रंगूबाईचा हात धरून ती गेली. तारेत सांगितल्याप्रमाणे आम्ही वाट पाहिली नाही. संध्याकाळी नदीकाठी अग्नी दिला, सुभेदारांच्या पुतण्यानं दिला.

बुधवारी सकाळी बापलेक मुंबईच्या एसटीनं फाट्यावर उतरले. मी तिथं उभा होतो. घरून निघताना रंगूबाई म्हणाली होती, "मास्तर, त्यास्नी आधी माझ्या घरी आणा, दोन घास खाऊ द्या, मग बोला." सुभेदारांनी डोक्याला पंचा गुंडाळला होता, पायांत विलायती बूट. शांत दिसत होते. बाकावरच त्यांचं रडून झालं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, दहावा शनवारी येतोय नव्हं? पोराचं केस काढायचं हायती, न्हाव्याला सांगून ठेवा."

त्यांनी हिशेब गुरुवारपासून धरला होता. मी उत्तर देणार तेवढ्यात खालून पाणंदीनं माणसं आली, पुतण्या पुढे, हातात मडकं, मागे चार भावकीतले. राख सावडायला निघाले होते. सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आज काय हाय?"

मी त्यांना रंगूबाईकडे नेलं नाही. तिथंच, रस्त्यावर, उपाशीपोटी सांगून टाकलं. "तिसरा. परवा गेल्या. सोमवारी दुपारी."

जोतीराम मटकन खाली बसला. एसटी निघून गेली, धूळ बसली, तरी सुभेदार उभेच होते. बोटांची पेरं मोजत होते. मोजून झालं तेव्हा त्यांनी मला अगदी हळू विचारलं, "तारंत खरं लिवलं हुतं व्हय, मास्तर?"

"व्हय."

"सीरियस हुती?"

"होत्या. जिवंत होत्या."

"शनवारी काय करत हुती?"

मला खोटं बोलता आलं असतं. शुद्ध नव्हती म्हणून सांगता आलं असतं. पण त्या माणसाशी आता मऊ बोलायची मला शिसारी आली होती. मी सांगितलं, उशाला टेकून बसल्या होत्या, पेज प्यायल्या, विमानाला किती तास लागतात ते मला विचारलं.

जोतीराम हमसून हमसून रडायला लागला, माझ्यामुळं झालं म्हणून. सुभेदार वाकले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुजं न्हाई रं. तुला ह्ये म्या शिकिवलं," म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, नदीकडे बघत बोलले.

"ती हुती, मास्तर. शनवारी ती हुती. आन् म्या जिवंत बायकू मेलेली धरून दिसभर गाव बघत हिंडलो."

पाणंदीत मडकं घेतलेली माणसं त्यांच्यासाठी थांबली होती. सुभेदारांनी बूट काढून रस्त्याच्या कडेला ठेवले आणि फोडांच्या पायांनी ते त्यांच्या पुढे झाले.